वहिनीचा सीटी स्कॅन

चांगली बातमी लपवण्यात आमच्या थोरल्या वहिनीचा हात धरील असं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही. नजर लागते म्हणे! शेळीला दोन करडं झाली, तर ही बया एक टोपलीखाली झाकणार. दादाला माजलगावच्या कारखान्यात नोकरी लागली, तरी हिचं आपलं "घरीच बसून हायेत" चालूच. शेवटी शेजारीपाजारी त्याला धीर द्यायला येऊ लागले. नवा फ्रिज तिनं वाकळेत गुंडाळून घरात घेतला. "कपाट घुरघुरतंय कावून?" असं शेजारणीनं विचारलं, तर पापणीही न हलवता म्हणाली, "उंदरं लई झालीत."

यंदा शेळ्यांमागं धावताना ती बांधावरून आदळली आणि कंबर धरली. चौसाळ्याच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनसाठी बीडला पाठवलं. सोबत आई आणि मी. तिथल्या सिस्टरनी भर व्हरांड्यात विचारलं, "दिवसबिवस नाहीत ना? असतील तर आधी सांगा, किरणं बाळाला बाधू शकतात."

"छ्या! कुठलं काय," वहिनी म्हणाली. आईनं सुस्कारा टाकला. इतक्या वर्षांत हे उत्तर तिच्या अंगवळणी पडलं होतं.

दार लागलं. आणि लगेच आतून किंकाळी! "थांबा! बंद करा ते! दिवस गेलेत मला!" कंबर धरून वहिनी बाहेर आली. सगळा व्हरांडा बघत राहिला.

"अहो, आत्ताच विचारलं होतं ना!" सिस्टर घाबरून ओरडल्या. "मशीन सुरू केलं असतं म्हणजे?"

"वहिनी, अगं बाई, कावून लपवलं?" मीही ओरडलेच.

"मागल्या खेपेला पेढे वाटले, अन् आठ दिवसांत समदं गेलं, ताई."

ते पेढे आईनंच गावभर वाटले होते. तिनं पदर तोंडाला लावला. मला राग आला होता, खरंच! पण आधी वहिनीला धरून बाकावर बसवलं.

स्कॅन राहिला. डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी करायला घेतली. पडल्यामुळं काही झालं असेल तर? आम्ही दोघी जीव मुठीत धरून उभ्या.

"ठोके नीट आहेत! बाळ छान आहे!" बाई मोठ्यानं म्हणाल्या.

वहिनीनं त्यांचं मनगट धरलं. "हळू बोला ना, बाई."

घरी येईपर्यंत गाडीत आम्ही तिघी कुजबुजतच बोललो. आईसुद्धा, जिची हाक दोन वावरं ओलांडून जाते.