हमीदार दादा रिसबूड

हरेश्वर रिसबूड यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर झाली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि ज्या टेबलाचा तो असेल तिकडे पाठवून द्यायचा. निर्णय नेहमी दुसऱ्या टेबलावर व्हायचे, आणि ते बहुतेक चुकायचे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. निवृत्तीनंतर मात्र जगाचे सगळे कागद एकदम त्यांच्याच पुढ्यात आले. टीव्ही लावला की युद्ध, मोबाईल उघडला की घुसखोर. पुढे पाठवायची सवय मोबाईलवर कामी आली, पण तेवढ्याने भागेना. म्हणून दादा निर्णय घेऊ लागले.

भाटाळे हे त्यांचं गाव काशीदच्या अलीकडे, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात बसलेलं. पुढे सुरूचं बन, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. दादांची वाडी घराच्या मागून थेट खाडीला जाऊन भिडते. वाडी पाहायच्या त्या अनुसूयावहिनी. अंगणाच्या कडेला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, त्याही वहिनीच पाहायच्या. दादा देशाकडे पाहायचे.

देशाचं काम सकाळी प्रणयच्या चहाच्या टपरीवर सुरू होई. तिथे बुधाजी तांडेल आधीच येऊन बसलेले असत. आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर काढलेला हा माणूस दादांना पाहिल्यावर चहाचा पहिला घोट घेई.

"काय दादा, फौज धाडली का न्हाय अजून?"

"थट्टा नको, बुधाजी. तिकडे आखातात जहाजं अडकून पडलीत. आपण नौदल पाठवलं नाही, तर उद्या तुमच्या बोटीला डिझेल मिळायचं नाही."

"डिझेल आजबी येलेवर मिलत न्हाय. आन् ते रातचे मोठे दिवे लावून मासली ओढणारे लाईटवाले येऊन आमची मासली उपसून नेतात, त्यांच्यावर धाडा की तुमचं नौदल. जवलच हाय, खर्च कमी येल."

"तो मत्स्यव्यवसाय खात्याचा विषय आहे," दादा म्हणत. चाळीस वर्षांच्या सवयीने तो कागद ते योग्य टेबलाकडे पाठवून देत.

दादांची खरी अडचण वेगळी होती. फौज बाहेर पाठवावी, की आधी घरातले घुसखोर काढावेत? आदल्या रात्री टीव्हीवर क्षेपणास्त्रं दाखवली असतील, तर सकाळी दादा बाहेर जायच्या बाजूचे असत. सीमेवरचं कुंपण दाखवलं असेल, तर घर आधी. एकदा दोन्ही दाखवली, त्या दिवशी ते टपरीवर आलेच नाहीत. घरी बसून विचार करत होते, असं वहिनींनी सांगितलं.

अशा माणसाला गावच्या सागर रक्षक दलाचं अध्यक्षपद मिळालं, यात कुणाचीच चूक नव्हती. दुसरं कुणी तयार नव्हतं. पदाबरोबर अंधारात चमकणारं हिरवट जाकीट मिळालं आणि एक शिट्टी. जाकीट दादा दिवसाही घालत. आंब्याच्या सावलीत ते चमकत नसे, पण दादा चमकत.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच ग्रामसभेत दादांनी ठराव मांडला. गावात बाहेरून आलेली माणसं फार झाली आहेत. कोण कुठला, पत्ता नाही. येत्या रविवारपर्यंत सगळ्यांनी गाव सोडावं. टाळ्या पडल्या. मग सरपंच सत्यवतीताई उभ्या राहिल्या.

"दादा, ठराव उत्तम आहे. फक्त माझ्या कॉटेजचं काम चाललंय. ते गवंडी कारागीर आहेत. त्यांना बाहेरचे कसं म्हणायचं?"

मग बोटवाले उठले. खलाशी नेपाळचे आणि उत्तर प्रदेशचे, ते गेले तर बोटी काय अंगणात ठेवायच्या? प्रणयने मागून हात वर केला. त्याच्याकडे वडे तळणारा बिहारी होता, पण तो आता मनाने इथलाच झाला होता. प्रत्येकाला घुसखोर जायला हवे होते आणि प्रत्येकाला आपला तेवढा ठेवायचा होता.

दादांनी मग आपल्या अनुभवाचा उपयोग करून वाट काढली. ज्याचा माणूस, त्याने सभेत उभं राहून त्याची हमी घ्यावी. हमीदाराने दर सोमवारी त्याला घेऊन पोलीस चौकीत हजर राहावं. लोक उभे राहू लागले. टाळ्यांचा जोर पाहून दादांना आणखी एक कलम सुचलं. दलाच्या पदाधिकाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना अशी हमी घेता येणार नाही. निःपक्षपाती कारभार दिसला पाहिजे! याला सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या, आणि बुधाजी तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ते का हसले, हे दादांना घरी आल्यावर कळलं.

"मग निताईचं काय?" वहिनींनी विचारलं.

"कुठला निताई?"

"अहो, आपल्याकडे किती निताई आहेत?"

निताई मंडल बंगालमधल्या कूचबिहारचा. तिथेही पोफळी आहेत, त्यामुळे भाटाळ्याच्या वाडीत तो पहिल्या दिवसापासून घरच्यासारखा वावरला. एका पोफळीच्या शेंड्यावर चढला की तिला झोका देऊन शेजारची पकडायचा आणि खाली न उतरताच पुढे सरकायचा. वहिनी खालून जीव मुठीत धरून पाहत राहायच्या. "काकी, वर नको बघू. तू बघते तर मला भीती वाटते," असं तो वरून ओरडायचा. गावातली चढणारी माणसं कधीच रिसॉर्टच्या नोकऱ्यांना लागली होती. तीन वर्षं वाडी उभी होती ती निताईवर.

"सुपारी पिकलीय," वहिनी म्हणाल्या. "हा गेला तर उतरवणार कोण?"

"देशासाठी थोडी झळ सोसावी लागते, अगं."

"सोसा ना. पायात घालायचा दोर पडवीत टांगलाय."

त्यानंतर वहिनी दादांशी फक्त जेवणापुरतं बोलू लागल्या. निताईला दादांनी स्वतः सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जाण्याआधी खाडीकडच्या पोफळी तरी उतरवून देतो म्हणाला. त्याने वाद घातला असता तर दादांना बरं वाटलं असतं. वादाची त्यांनी तयारी केली होती.

त्याच आठवड्यात सुरक्षेची कवायत होणार, असा निरोप आला. किनाऱ्याच्या गावांना ही कवायत ठाऊक आहे. साध्या वेशातले पोलीस घुसखोर बनून समुद्राच्या बाजूने येतात, खोटा बॉम्ब ठेवून जातात, आणि गावाने त्यांना पकडायचं असतं. दिवस सांगत नाहीत. मागच्या वेळी भाटाळे नापास झालं होतं. दादांनी या वेळी किनाऱ्यावर पोरं उभी केली. दलाचा उत्साही कार्यकर्ता निकेत याला तर दुर्बीणही दिली.

शनिवारी दुपारी दादांच्या वाडीतून, खाडीच्या बाजूने, चार तरुण चालत आले. चिखलाने भरलेले बूट, पाठीवर पिशव्या, आखूड केस.

"खोली मिळेल का, काका? मोबाईलने या वाटेने आणलं."

यात दादांना काही वावगं वाटलं नाही. मोबाईलवरचा नकाशा भाटाळ्याच्या निम्म्या पाहुण्यांना कुणाच्या ना कुणाच्या मागच्या दारी आणून सोडतो. मांडव्याला बोटीने उतरलो, म्हणाले. तेही खूपजण करतात. दारात आलेल्या माणसाला आधी शहाळं द्यायचं आणि मग नावगाव विचारायचं, ही वाडीवाल्यांची रीत. दादांनी शहाळी फोडली. पण शहाळं पिता पिता त्यातल्या एकाने विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं, आपण आखातात उतरायला हवं का?" आणि नावगाव राहूनच गेलं.

इतके चांगले श्रोते दादांना जन्मात मिळाले नव्हते. चौघांनी मधे एकदाही जांभई दिली नाही. बाहेरचं युद्ध संपवून दादा अंतर्गत सुरक्षेवर आले. ती किती ढिली आहे हे पटवून द्यायला जाकीट घालून ते त्यांना गावभर घेऊन हिंडले. हा जेट्टीचा पहारेकरी, जेवला की झोपतो. ही वाट खाडीवरून येते, इथे कुणीच नसतं. हा दिवा पावसाळ्यापासून बंद आहे, मी तीन पत्रं दिली.

"खरंच धोका आहे, काका," पाहुणे गंभीरपणे म्हणाले.

"गाडी नाही, पोहायचे कपडे नाहीत," वहिनी स्वयंपाकघरात म्हणाल्या. "हे कसले पर्यटक?"

"विचारी मुलं आहेत. असे पर्यटक कमीच येतात."

इतक्यात निकेतचा धापा टाकत फोन आला. घुसखोर पकडला होता! सुरूच्या बनात कोयता घेऊन बसला होता आणि परक्या भाषेत मोबाईलवर बोलत होता. दादा शिट्टी वाजवतच किनाऱ्यावर पोचले. वाळूत निताई उकिडवा बसला होता. आपण रविवारी घरी यायला निघतोय, एवढं आईला सांगत होता. चौकीतल्या हवालदाराने त्याचं आधार कार्ड पाहून त्याला लगेच सोडलं. निकेतला दुर्बीण परत करावीशी वाटली नाही.

रविवारी सकाळी चारही पाहुण्यांनी आंबोळ्या खाल्ल्या, वहिनींच्या पाया पडले आणि निघून गेले. दादा टपरीवर येऊन बाकावर बसले आणि आखाताचा विषय पुन्हा काढला. समोर बुधाजी, पलीकडे प्रणय. बोलणं रंगात आलं असताना पोलिसांची गाडी थांबली. फौजदार उतरले. मागोमाग ते चौघे उतरले, आता खाकीत.

"दादा, जरा उठता का?" फौजदार नम्रपणे म्हणाले.

बाकाखाली एक खोका होता. त्यावर मोठ्या अक्षरांत 'बॉम्ब' लिहिलेलं होतं.

बुधाजींनी चहा खाली ठेवला. "दादा, आखात इथंच व्हता की वो!"

ग्रामसभा त्याच दिवशी होती. फौजदारांनी निकाल सांगितला तेव्हा हसू दाबून त्यांचा आवाज बारीक झाला होता. घुसखोर गावात एक रात्र मुक्कामाला होते, त्यांना सर्व ठिकाणं दाखवण्यात आली, नाश्ता उत्तम होता. दलाने पकडलेले संशयित: एक. तो अध्यक्षांच्याच वाडीतला माळी.

सभा हसून हसून दमली. मग सत्यवतीताईंनी ठरावाचा विषय घेतला. सगळ्यांना हमीदार मिळाले होते. गवंड्यांना, खलाशांना, वडेवाल्याला. उरला होता निताई. तो दाराशी पिशवी घेऊन उभा होता. वहिनी बायकांच्या रांगेत बसून समोर पाहत होत्या. दादांकडे नाही, समोर.

दादा उठले. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. कवायतीत नेमकी त्रुटी कुठे राहिली, हे त्यांनी सकाळपासून मनाशी मांडून ठेवलं होतं. त्यांनी सुरुवात केली, "बंधुभगिनींनो, आजची जागतिक परिस्थिती पाहता..." आणि ते थांबले. दाराशी निताईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती. जाणारा माणूस घेतो तशी, सहज.

दादांना एकदम कळलं, की हा कागद दुसऱ्या कुठल्याच टेबलाचा नाही.

त्यांनी जाकीट काढलं. गळ्यातली शिट्टी काढताना ती चष्म्यात अडकली, ती वहिनींनी उठून सोडवली. दोन्ही वस्तू दादांनी सरपंचांच्या टेबलावर ठेवल्या.

"अध्यक्षपदाचा राजीनामा देतो. निताई मंडलची हमी माझी."

या वेळी टाळ्या फार पडल्या नाहीत. बुधाजी तेवढे म्हणाले, "आता बोललात, दादा."

सोमवारी दादा आणि निताई स्कूटरवरून चौकीत गेले. बरेच हमीदार आपापली माणसं घेऊन आलेले, त्यामुळे रांग लांबली होती. आपण केलेल्या नियमामुळे एवढी माणसं उन्हात उभी आहेत, हे दादा पहिल्यांदाच पाहत होते. वेळ जाईना, म्हणून त्यांनी निताईला विचारलं, "तुझ्या गावापासून सरहद्द किती लांब रे?"

"घराच्या मागे, दादा. आपली वाडीमागे खाडी आहे ना, तसं. कुंपण आहे. आमचं शेत कुंपणाच्या पलीकडे."

"पलीकडे? म्हणजे त्यांच्या देशात?"

"नाही, आपलाच देश. कुंपण थोडं आत घातलं. गेट उघडते तेव्हा कार्ड दाखवून शेतात जायचं, संध्याकाळी कार्ड दाखवून परत यायचं. बाबांबरोबर लहानपणापासून जायचो."

टीव्हीवरचं कुंपण दादांनी किती रात्री पाहिलं होतं, पण त्याच्या पलीकडे कुणाचं भाताचं शेत असेल, असं त्यात कधी दाखवलं नव्हतं.

"मग दल तुझ्याच हाती द्यायला हवं होतं," ते म्हणाले.

"नको दादा. जाकीट घालून पोफळीवर नाही चढता येत."

तेवढ्यात नंबर आला. हवालदाराने वर न पाहता विचारलं, "हमीदार कोण?"

"मी. हरेश्वर रिसबूड."

"आधार कार्ड?"

निताईने आपलं कार्ड केव्हाच टेबलावर ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. दादांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही खिसे. त्यांचं कार्ड घरी, जाकिटासाठी लावलेल्या खुंटीवरच्या पिशवीत राहिलं होतं.

"कार्डाशिवाय हमी घेता येणार नाही," हवालदार म्हणाला. हा शनिवारचा नव्हे, नवीनच बदलून आला होता. "तुम्ही रिसबूडच कशावरून? तुम्हाला ओळखणारं कुणी आहे का इथे?"

दादांनी रांगेकडे पाहिलं. मागे नुसते खलाशी उरले होते, त्यांचे बोटवाले चहाला गेले होते. सत्यवतीताई गवंड्यांना घेऊन पुढे निघून गेल्या होत्या. प्रणय अजून यायचा होता.

"मी ओळखतो, साहेब," निताई म्हणाला. "हे आमचे दादा आहेत. चांगला माणूस आहे. मी सांगतो."

हवालदाराने पहिल्यांदा मान वर केली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि पेन पुढे सरकवलं. दादांनी सही केली. शेजारी निताईने केली.