रुमालाखालचा भाव

इथे परदेशातल्या खेड्यात आमचे घरमालक जव पिकवतात. रस्त्यापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ राहतो. तो गोठ्यात बैल पोसतो आणि हिवाळा संपता संपता विकतो. एकाच्या शेतात जे पिकतं तेच दुसऱ्याची जनावरं खातात. इतकं सोपं! पण दर ऑगस्टमध्ये थोरल्यांचा ट्रॅक्टर जव भरून धाकट्याच्या फाटकासमोरून सहकारी सोसायटीकडे जातो, आणि डिसेंबरात तेच धान्य खाद्य बनून, चढ्या भावाने, त्याच फाटकातून आत येतं. बरं, सोसायटी भाव कधी सांगते? माल घालून झाल्यावर, काही आठवड्यांनी. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. थोरले हसले नाहीत.

थोरले म्हणतात, सरकारने धान्याचं मंडळ काढावं आणि भाव आधी बांधून द्यावा. धाकटा म्हणतो, मंडळ आलं की खाद्य महागणार आणि माझा गोठा बंद पडणार. दोघंही हे मला सांगतात, एकमेकांना नाही. घरच्या माणसाशी तोंडावर भाव बोलायचा नाही, ही इथली रीत. माझं डोकं उठतं.

गेल्या वर्षी अप्पा आले होते तेव्हाची गोष्ट. माझे वडील तिकडे गावी बाजार समितीत कारकून होते. तीस वर्षं लिलावाचे भाव लिहून निवृत्त झालेले. त्या आठवड्यात पाऊस उसंत घेईना. थोरल्यांनी मिळेल त्या उघडिपीत जव कापले आणि सोसायटीने फार ओले म्हणून परत पाठवले. शेडमधल्या ढिगात हात घातला तर आत गरम लागत होतं. दोन दिवसांत सगळं सडणार होतं. आणि धाकट्याकडे ओले जव चेचायचं मशीन भाड्याने आलेलं, तेही दुसऱ्या दिवशी जाणार! ओले जव चेचून, औषध लावून प्लास्टिकखाली दाबले की जनावरांसाठी हिवाळाभर टिकतात.

घरूनच चाललेली सँडीफोर्डच्या ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडून मी दोघांनाही स्वयंपाकघरात चहाला बोलावलं. आणि तिथे घोडचूक केली.

"तुम्ही काय भावाला द्याल ते मला सांगितलंय," मी थोरल्यांना म्हटलं, "आणि हे काय भावाला घेतील तेही." मग दोन्ही आकडे मोठ्याने बोलून टाकले. "फरक एवढासा आहे. मिटवा ना!"

थोरल्यांनी कप खाली ठेवला. "नाही, ग्रँड आहे सगळं," ते म्हणाले. इथे ग्रँड म्हटलं की विषय संपला. धाकटा टोपी शोधू लागला.

"काय झालं गं?" अप्पांनी विचारलं. मी वैतागून सगळं सांगितलं. त्यांनी ओव्हनच्या दांडीवरचा टॉवेल ओढला, दोघांच्या मध्ये बसले आणि दोघांचे उजवे हात टॉवेलखाली घातले.

"सांग त्यांना. एक बोट दाबलं म्हणजे धाकट्याच्या आकड्यावर टनामागे पाच युरो. तोंडाने बोलायचं नाही."

मी लाजत लाजत सांगितलं. दोघंही कानापर्यंत लाल झाले. पण हात काढले नाहीत. टॉवेल जरा हलला, थांबला, पुन्हा हलला. मग थोरले उठले आणि ट्रॅक्टर काढायला गेले. तासाभरात पहिली ट्रॉली धाकट्याच्या फाटकातून आत वळली. इतकी वर्षं हे का जमलं नव्हतं, देव जाणे.

"शेवटी ठरलं काय?" मी अप्पांना विचारलं.

"मला काय माहीत? बोटं त्यांची."

"म्हणजे पुन्हा लपवाछपवीच! तुमच्या समितीत निदान उघड लिलाव तरी व्हायचा."

अप्पा टॉवेलची घडी घालत होते. "कागदावर उघड. रुमालाखालच्या सौद्याला बंदी होती, तरी चालायचा. एक हात अडत्याचा, दुसरा व्यापाऱ्याचा. ज्याचा माल तो बाहेर उभा. ते सांगायचे तो आकडा मी लिहायचो." त्यांनी टॉवेल दांडीवर परत टाकला. "पिकवणाऱ्याचा हात रुमालाखाली मी आज पहिल्यांदा पाहिला. तिथे तर तो मला येऊन विचारायचा, साहेब, आत काय ठरलं? मी म्हणायचो, पावती बघा."