आत्याची सायकल आणि माझी पाइपलाइन

सत्तरच्या दशकातला मे महिना. इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात बसून मी पेन्सिलीला टोक करत होते... आधीच टोक असलेल्या पेन्सिलीला.

सांगलीला सिव्हिलचा डिप्लोमा करत होते. इंटर्नशिप हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता, आम्ही 'सुट्टीतलं ट्रेनिंग' म्हणायचो. आवारात जमिनीखालून गेलेल्या जुन्या पाइपलाइनची, वर दिसणाऱ्या व्हॉल्व्ह आणि चेंबरवरून मापं घेऊन नकाशा करायचा, हे माझं काम. पावसाळ्याआधी ती लाइन बदलायची होती, म्हणून नकाशा वेळेत हवा होता.

मलाही तो हवाच होता. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नसेल तर पुढच्या वर्षाला प्रवेश नाही. कडेगावला घरी स्थळं यायला लागली होती... वडील कसेबसे 'बरं, शिक' म्हणाले होते. वर्ष वाया गेलं असतं तर पुन्हा म्हणाले नसते.

हे सगळं कळत होतं, तरी रोज 'उद्या' चालू होतं. कधी ऊन फार, कधी टेप सापडत नाही, कधी आधी जुने कागद वाचून घेऊ... आवारात सगळे पुरुष. त्यांच्यादेखत वाकून मापं घ्यायची आणि ती चुकली तर? या विचारानेच पाय उचलत नव्हता.

ट्रेनिंगपुरती मी कारखान्याशेजारच्या गावात आत्याकडे राहत होते. तिचे यजमान फौजेत, घरात आम्ही दोघीच. एकदा जेवताना तिने काम कुठवर आलं विचारलं आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.

आत्या रागावली नाही. सोप्यात भिंतीला टेकवलेल्या, यजमानांच्या सायकलीकडे बघत म्हणाली, "मी बी तसलीच हाय गं. रजेवर आले की म्हणत्यात, शिक, मळ्यात जायला बरी पडंल. मी म्हणते, उद्या. लोकं हसतील म्हणून भ्या वाटतं."

मग म्हणाली, "आता दोघी मिळून भिऊ. सकाळी माझी सायकल, मग तुझं काम. पर रोज थोडंच. लय एकदम घ्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर आत्या काष्टा घट्ट मारून सायकलवर आणि मी मागे कॅरिअर धरून! ती पडली. पाण्याला निघालेल्या बायका हसल्या. आत्याही हसली, लुगडं झटकलं आणि पुन्हा बसली.

मी तशीच कारखान्यात गेले. अख्ख्या पाइपलाइनचा विचारच केला नाही, आज फक्त पंपापासून पहिल्या वळणापर्यंत असं ठरवलं. एका फिटरला विचारलं, टेपचं टोक धरता का. त्याने हातातला पाना खाली ठेवला, टोक धरलं आणि माझं लिहून होईपर्यंत शांत उभा राहिला. बाकीचे आपापल्या कामात होते... माझ्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता.

मग रोज सकाळी ठरवायचे, आज कुठपर्यंत. काही दिवस तेवढंही झालं नाही. एकदा माप चुकलं आणि एक तुकडा पुन्हा मोजावा लागला, पण तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात लपून बसले नाही. आत्याचं म्हणाल तर गुडघा सोलला, लंगडली, आणि लंगडतच मैदानावर आली.

शेवटी नकाशा पुरा झाला आणि कारखान्याच्या इंजिनिअर साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. एक व्हॉल्व्ह पलीकडच्या बाजूला दाखवायला सांगितला आणि म्हणाले, "यावरून खोदायला हरकत नाही."

खोदकाम सुरू झालं तेव्हा मी उन्हात उभी होते. खड्डा कमरेइतका खोल झाला तरी नुसती माती... मी हातातला नकाशा पुन्हा उघडून बघितला. तेवढ्यात पहार लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. खाली उतरलेला गडी वर बघत म्हणाला, "हाय बाई. हितंच हाय."

मी जवळच्या दगडावर बसूनच घेतलं. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. संध्याकाळी घरी गेले, पोटभर जेवले आणि अंधार पडायच्या आत गाढ झोपले.

सर्टिफिकेट मिळालं, आत्याही सायकलवरून मळ्यात जायला लागली. पुढे डिप्लोमा झाला, नोकरीही केली. टाळावीशी वाटणारी कामं काही संपली नाहीत, पण मोठ्या कामाचा छोटा तुकडा तोडायला त्या उन्हाळ्यात शिकले. उपदेश न करता सोबतीला उभं राहणारं माणूस मला त्या वयात भेटलं... आत्याचे हे उपकार आजही जाणवतात.