निघण्याआधीचा डाव

माझी पुण्याची एसटी सुटायला आली होती आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, अजून सिमेंटच्या कासवापाशीच होते. माझी बॅग बागेच्या तिकिटाच्या खिडकीखाली पडलेली. आई ओरडत होती, "आवो, पोरीची गाडी जाईल की!" आण्णांनी मान वर केली नाही. काठीनं पांढऱ्या चेंडूला हळूच टोचत, त्याच्या मागं मागं चालत ते म्हणाले, "गाडी रोज हाय. डाव अर्धा टाकून घरातनं जाऊ न्हाई."

गाडी गेली. मी पुढच्या गाडीनं गेले. सोलापूर सोडल्याची माझी आठवण ही अशी आहे. रडारड नाही, पाया पडणं नाही. घामेजलेल्या हातात गोल्फची वाकडी काठी.

गोल्फ म्हटल्यावर हसू नका. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापुरातल्या आमच्या गावबागेच्या मागच्या कोपऱ्यात मिनी गोल्फ आहे. कुठल्याशा गिरणीच्या साहेबानं परदेशात तसलं काही पाहिलं आणि इथल्या गवंड्याकडून करून घेतलं म्हणतात. गवंड्यानं बापजन्मात गोल्फ पाहिलेला नव्हता. त्यानं जे पाहिलं होतं ते बांधलं. गिरणीची चिमणी, तिच्या पोटातून चेंडू जायचा. एक विहीर. एक कासव. आणि गिरणीचं फाटक, जे कुणीतरी दांडा फिरवून उघडझाप करायचं. चेंडूला उशीर झाला की फाटक बंद, तो बाहेरच. गिरणीत राबलेली म्हातारी माणसं त्या फाटकापाशी आली की शिव्या घालायची आणि पोट धरून हसायची. शेवटी एक उंट. उंटच का, ते कुणालाच माहीत नाही.

आम्ही मंगळवेढ्याकडचे मेंढरं राखणारे. चराईची रानं एकेक करून कुंपणात गेली, तेव्हा आण्णांनी मेंढरं विकली आणि आम्ही सोलापुरात आलो. मी शाळेत जाण्याएवढी, धाकटी सोनी आईच्या कडेवर. पहिल्याच रविवारी मामा आम्हाला बागेत घेऊन गेला. आण्णांच्या हातात काठी दिली. सगळ्यांनी चेंडू मारला, आण्णांनी मारलाच नाही. ते त्याला हाकायला लागले. डावीकडं गेला की डावीकडून टोचायचं, उजवीकडं गेला की उजवीकडून. तोंडानं "हुर्र, हुर्र". कधी चेंडूपासून दोन पावलांच्या पलीकडं गेले नाहीत. बाकावरचा एक जण ओरडला, "ओ पाव्हणं, मारा की! मेंढरू हाय का त्ये?"

आण्णा म्हणाले, "मारल्यावर कुटं जातंय कळत न्हाय. चालवलं की घरी येतंय."

अख्खी बाग हसली. नियमानं पाहिलं तर कमी फटक्यांत संपवेल तो जिंकतो आणि प्रत्येक टोच्याचा एक फटका, त्यामुळं आण्णा जन्मात जिंकले नाहीत. आईचं उलटं. ती नऊवारीचा काष्टा घट्ट करून गोफण मारल्यासारखी मारायची. उंटाचा डावा कान नाही, तो तिनं उडवलाय. मामा आजही तिला "उंटकापी" म्हणतो.

तेव्हापासून आमच्या घरात रीत पडली. घर सोडून कुणी निघालं की आधी एक डाव. निघणाऱ्यानं शेवटचा चेंडू उंटाखालच्या भोकात घालायचा आणि मगच बॅग उचलायची. मामाच्या पोरीचं लग्न झालं तेव्हा ती शालूवर खेळली. नवरदेव उंटाच्या सावलीत घाम पुसत बसला होता.

आता पुण्यात मी तिघींबरोबर फ्लॅट शेअर करते, ऑफिसात लॅपटॉपवर डोळे फोडते, सुट्टीच्या दिवशी झोपड्या पाडण्याविरुद्धची पत्रकं वाटते. दुसऱ्यांच्या वस्त्यांसाठी घसा सुकवते. आणि मागच्या आठवड्यात सोनीचा फोन. ती नर्स झालीये, जर्मनीला निघालीये. रडत नव्हती, चिडली होती. "ताये, बागेला पत्रे ठोकलेत. गोल्फ पाडायलेत. माझा डाव?"

मी त्याच दिवशी निघाले.

पत्र्यांवर बोर्ड होता. भव्य टर्फ, एलईडी लाइट, प्रशस्त पार्किंग. देखरेखीला आलेला साहेब हसून म्हणाला, "मॅडम, हे जुनं खेळायला येतं कोण?"

"आम्ही आलोय की."

"मग टर्फवर या ना. ऑनलाइन बुकिंग करा."

काय बोलायचं ह्या माणसाशी? माझी आई काष्टा घालून, ऑनलाइन बुकिंग करून, नायलॉनच्या जाळीत क्रिकेट खेळणार? जिथं म्हातारी, लेकुरवाळी, नवीन नवरी, गावाकडनं आलेला पाहुणा एकाच काठीनं खेळत होते, तिथं आता फक्त बाइकवरून येणारी पोरं खेळणार, आणि ह्याला विकास म्हणायचं. ह्या शहराला आपण बाहेर गेलेलं चालतं. स्टेशनवर हार घालायला चालतं. पण परत आलं तर पाय ठेवायला ओळखीची फरशी ठेवायची नाही, असा जणू ठरावच झालाय. आण्णा पत्र्याला हात लावून उभे होते. त्यांच्या आयुष्यातलं हे दुसरं कुंपण. पहिल्याच्या वेळी ते गप्प बसले होते.

"पत्रा वर धर," ते मला म्हणाले.

मी धरला. आधी आई वाकून गेली, मग सोनी, मग आण्णा. वॉचमन धावत आला. "ओ मावशी, कुटं निघालाव? साहेब माझी नोकरी खाईल!"

आई म्हणाली, "पोरगी परदेशाला चाललीया. डाव झाला की जातो. तू तिकडं तोंड कर."

तो बिचारा खरंच तिकडं तोंड करून उभा राहिला.

चिमणी पडली होती. फाटक उपटून बाजूला टाकलेलं. कासव पाठीवर उलटं. काठ्या कुठल्या असणार? आम्ही मोडक्या फळ्या घेतल्या. चेंडू सोनीनं घरनं आणलेला. ढिगाऱ्यातून आम्ही खेळलो. विटा आडव्या येत होत्या, आईच्या फटक्यानं चेंडू दोनदा जेसीबीखाली गेला आणि वॉचमननंच तो तोंड न वळवता पायानं परत ढकलला.

उंट अजून उभा होता. पण त्याच्या खालचं भोक मुरूम घालून, वरून सिमेंट फासून बुजवलेलं. आण्णा चेंडू हाकत तिथवर आले आणि थांबले. चेंडू त्यांच्या पायाशी, फळी हातात. मेंढरं विकली त्या दिवशी रिकाम्या वाघरापाशी, त्या जाळीच्या कोंडवाड्यापाशी, ते असेच उभे होते.

"आता ह्येला कुटं कोंडायचं?" ते म्हणाले.

आईनं ढिगाऱ्यातली एक सळई उचलली, काष्टा खोचला आणि खाली बसून सिमेंट फोडायला लागली. मीही दगड घेतला. वरचा थर कच्चाच होता, कंत्राटदाराचं काम ते. भोक मोकळं झालं तेव्हा आईच्या बोटांतून रक्त येत होतं. तिनं ते पदराला पुसलं. "घाल गं सोने."

सोनी आईसारखी मारणारी. त्या दिवशी तिनं मारला नाही. हाकला. हळू, टोचत टोचत, "हुर्र" म्हणत. चेंडू आत पडला. तिनं हात घालून तो काढला आणि पर्समध्ये टाकायला लागली.

आण्णांनी तळहात पुढं केला. "ऱ्हाऊ दे हितं. परत आल्यावर खेळाया लागंल की."

तिनं दिला. ती गेली. चेंडू आण्णांच्या खिशात आहे.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही, जे माझ्यासारखे गेलात, आणि ग्रुपवर मोडक्या चिमणीचा फोटो टाकून रडके चेहरे पाठवताय. ते चेहरे ठेवा तुमच्यापाशी. जे इथंच राहिलात आणि "आता काय होणार" म्हणताय, त्यांनाही तेच सांगते. घर म्हणजे काय ते मला पुण्यात कळलं नव्हतं. घर म्हणजे जिथं परत येऊन पुढचा डाव मांडता येतो ती जागा. खिशात चेंडू असून भोक नसेल, तर माझी बहीण परत यायची कुठं?

जेसीबी उद्या सकाळी परत येणार आहे. मी पत्र्यापाशी बसले आहे, आई शेजारी आहे, आण्णा उंटाला टेकून आहेत. माझी पुण्याची एसटी मघाशीच सुटली.

गाडी रोज आहे.