उशीवरून दिसणारी टेकडी

लेकीच्या, सईच्या, कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये शिरले आणि रंगाचा वास आला. त्या वासाने मला थेट आमच्या जुन्या घरातल्या एका दुपारपाशी नेलं.

सई तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या पलंगालगतच्या भिंतीवर मी टेकडी रंगवली होती. वर ढग, माथ्यावर देऊळ, उतारावर मोर आणि अगदी खाली गवताचा हिरवा पट्टा.

"कशी झालीय?" मी ऐटीत विचारलं.

सई उशीवर आडवी झाली. "आई, तू उभी राहून काय बघतेस? झोपणार मी आहे ना?"

मी तिच्याशेजारी डोकं टेकलं. तिथून ना देऊळ दिसत होतं, ना मोर. नाकासमोर नुसता हिरवा रंग. सईने माझ्या हातातला ब्रश घेतला आणि त्या हिरव्यात एक वेडावाकडा मुंगळा काढला. बघता बघता तो हत्तीएवढा झाला, गवताचं रान झालं. मी कितीतरी वेळ श्वास रोखून त्या रानात पडून होते.

आज सई तिच्या लेकाची भिंत रंगवायला घेत होती. "आधी ढग काढून घे," मी म्हटलं.

ती कोरडा ब्रश हातात धरून लेकाच्या उशीवर जाऊन आडवी झाली.