काळुरामचं ‘ठीक हाय’

कल्याणहून शहाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काळुराम भोईरची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. काळुरामला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिची उणीव त्याला कधी भासली नाही. पण कल्याणात कोणी जुनी मोटार घ्यायला निघाला की घेणारा आणि विकणारा दोघेही आधी या शेडपाशी येऊन उभे राहत. काळुराम गाडीभोवती अर्धा तास फिरे, खाली वाके, वर बघे, आणि शेवटी फडक्याला हात पुसत दोन शब्द बोले, "ठीक हाय." नाहीतर एकच, "नाय." त्यावर अपील नव्हतं.

त्याची एकच अट होती. गाडी थंड पाहिजे. आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची आणि रात्रभर तिला कोणी हात लावायचा नाही.

निर्वासितांच्या छावणीतला बूलचंद टॅक्सीवाला हे मुद्दाम विसरायचा. दोन तास पळवून तापवलेली गाडी शेडसमोर उभी करायचा आणि खिडकीतून मान बाहेर काढून गायकासारखा हात हलवायचा. "काळूभाऊ! सुनो, साईं, सुनो! इंजिन है के सतार है? आता तुमी फक्त ‘ठीक’ बोला, मग आपण चा पिऊ."

"उद्या."

"अरे उद्या काय? आवाज तो आजच येतो ना!"

"गरम गारी हासते, शेट. खरा बोलते ती थंड गारी. ठेव हितंच, नि पायी जा घरा."

बूलचंद शिव्या घालत पायी जायचा. सकाळी हँडल मारल्याबरोबर त्याची सतार डबड्यात खडे घातल्यासारखी वाजायची, आणि काळुराम त्याच्याकडे न बघता म्हणायचा, "नाय."

काळुराम मूळचा मानपाड्याचा, भातशेतीतला. लढाईच्या वर्षांत कल्याणच्या बाहेर फौजेची छावणी पडली तेव्हा तो पेट्या उचलायला म्हणून तिच्या वर्कशॉपात शिरला. तिथल्या एका पंजाबी हवालदाराने त्याला इंजिन बघायला शिकवलं. खोलायला नाही, बघायला. खोलणारे पुष्कळ होते. हवालदार म्हणायचा, "हकीम नब्ज़ देखता है, पेट नहीं फाड़ता." इंजिन गाडीत बसलेलं असताना, एक बोल्ट सैल न करता ते काय सांगतं ते ऐकायचं. त्याचा क्रम ठरलेला. आधी जमीन: रात्रीतून तेलाचे, पाण्याचे किती थेंब पडले. मग नाक. मग तेलाची पट्टी ओढून ते तेल अंगठ्यावर चोळायचं. मग रेडिएटरचं पाणी, रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा, वायरी. मग ते काळं टोपण, ज्याच्या आतून चारही प्लगांना ठिणगी वाटली जाते. आणि सगळ्यात शेवटी हँडल मारून, लांब पेचकसाचं एक टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर. क्रम मोडायचा नाही. चूक पहिल्याच पायरीवर सापडली तरी उरलेल्या सगळ्या बघायच्या, कारण, हवालदाराच्याच शब्दांत, "एक चोर पकड़ा तो दूसरा हँसता है."

लढाई संपली, छावणीत निर्वासित आले, हवालदार गेला. क्रम काळुरामकडे राहिला.

डॉक्टर त्र्यंबक कर्णिकांची लढाईपूर्वीची ऑस्टिन दर महिन्याला त्याच्याकडे येई. डॉक्टरांचा दवाखाना कल्याणात, पण रोगी नदीपलीकडच्या वाड्यावस्त्यांवर. त्यांचा ड्रायव्हर गणू मूळचा संगमेश्वराकडचा, बोलताना हेल लांबवणारा. तो शनिवारी गाडी ठेवून जाई, आणि रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः येऊन शेडच्या दारात छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे राहत.

"काय म्हणते आमची रुग्ण?"

"ठीक हाय, दाक्तर."

"फार बोलतोस बुवा तू," डॉक्टर म्हणत आणि गाडीत बसत. आठ वर्षं हा संवाद एका अक्षराने बदलला नव्हता.

पंचावन्न सालच्या भाद्रपदात काळुरामची धाकटी लेक शालू विषमज्वराने एकवीस दिवस पडली. डॉक्टर रोज आले. शेवटचे पाच दिवस तर दोनदा आले. एकविसाव्या दिवशी शालूने पेज मागितली. तेव्हा तिची आई, तुळसा, चुलीपुढे बसून मोठ्याने रडली. काळुराम मात्र बाहेर जाऊन ऑस्टिनच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला होता. याच गाडीने एकवीस दिवस दाक्तर आणला, एकदा बंद पडली नाही, एवढंच त्याला सुचत होतं.

दसरा आला. दसऱ्याला गाड्यांची पूजा शेडमध्ये होई, पण काळुरामची शिस्त पूजेलाही सुटलेली नव्हती. कुंकू पुढच्या जाळीला, झेंडूची माळ दिव्यांना, नारळ चाकापुढच्या दगडावर. बॉनेट मिटलेलं. त्या वर्षी ऑस्टिनपाशी आल्यावर त्याने ते उघडलं.

"आज हिच्या काळजाला पूजा," तो तुळसाला म्हणाला.

त्याने इंजिनावर हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला आणि वाटीतलं पाणी ओंजळीने, देवावर शिंपडावं तसं, हळूहळू सगळ्या इंजिनावर शिंपडलं. खोबरं-साखरेचा नैवेद्य टोपणाशेजारी ठेवला, थोड्या वेळाने उचलून वाटला. गणू शेजारी हात जोडून उभा होता. त्यानेही खोबरं खाल्लं. मग त्याने गाडी डॉक्टरांच्या घरी नेली आणि अंगच्या उत्साहाने दुपारी दोन बादल्या पाणी मारून धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहने गावापलीकडच्या वस्तीवरून माणूस धावत आला. शेवंती नावाची बाई अडली होती. डॉक्टर बॅग घेऊन निघाले. शहाड ओलांडल्यावर गाडीने आचके दिले, खोकली, आणि उभी राहिली. गणूने खांदा निखळेपर्यंत हँडल मारलं. शेवटी डॉक्टर बॅग उचलून चालत निघाले. पोचायला तासाहून जास्त लागला. शेवंती वाचली. मूल वाचलं नाही.

ऑस्टिनला बैल जोडून ती ओढत शेडवर आणली तेव्हा दुपार होती. डॉक्टर मागोमाग आले. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या अजून वर दुमडलेल्या होत्या.

"काळुराम, मला कारण हवं आहे. सबब नको." ते हळू बोलत होते, आणि हळू बोलणारे डॉक्टर शेडने कधी पाहिले नव्हते. "या माणसाने काल मला न विचारता गाडीवर बादल्यांनी पाणी ओतलं. ते आत गेलं असेल, तर याने उद्यापासून माझ्याकडे येऊ नये. मला राग नाही. पण एका घरी आज..." ते थांबले. "इंजिन उतरवायचं असेल तर उतरव."

"उतरवाचा नाय. जाग्यावरच बघतो."

"ओऽ काळूदादा," गणू जवळजवळ रडत होता, "मी बाहीरनं धुतली हो! आईशप्पत बाहीरनं! पोरं हायती माजी तीन. ह्यांना सांगा तुमी. तुमी सांगितलात तर आयकतील."

बूलचंद आपली टॅक्सी घेऊन आधीपासूनच तिथे बसला होता. "देखने का क्या है," तो म्हणाला, "बादली मारली, पाणी गेला, खलास. बोलून टाका काळूभाऊ."

 बॉनेटला हात लावून काळुराम खाली बसला.

"थंड आहे की," डॉक्टर म्हणाले.

"वरून थंड हाय. आतून नाय."

डॉक्टर एका पेटीवर बसले. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास सगळे थांबले. मग काळुराम उठला आणि क्रमाने सुरुवात केली. खाली माती कोरडी. वास पेट्रोलचा, आणि त्यात काहीतरी आंबट. तेल अंगठ्यावर स्वच्छ. रेडिएटर काठोकाठ भरलेला. नळ्या घट्ट. पट्टा जसा हवा तसा, बोटाने दाबला की अर्धा इंच खाली जाणारा. तो वायरींपाशी आला आणि थांबला.

वायरीवरून मुंग्यांची रांग चालली होती. बारीक, लाल. रांग टोपणाच्या कडेने आत शिरत होती.

त्याने टोपणाच्या दोन्ही कड्या सोडवल्या आणि ते उचललं. आत, जिथे दोन पॉइंट एकमेकांना टेकून ठिणगी सोडतात, तिथे मुंग्यांचा गोळा चिकटून मेलेला होता. टोपणाच्या आतून एक चिकट, पारदर्शक थर वाळला होता. त्याने करंगळी लावली आणि नाकाशी नेली.

बादलीतलं पाणी चिकट नसतं. त्याला मुंग्या लागत नाहीत.

हँडल मारमारून दमलेल्या गणूने डॉक्टरांना दसऱ्याची इत्थंभूत हकीगत सांगितली होती. पेट्रोल कुठे भरलं, चहा कुठे प्याला, धुताना फडकं कुठलं घेतलं. नारळाचं मात्र तो बोलला नव्हता. लपवलं म्हणून नव्हे. त्याला आठवलंच नव्हतं. देवाचं पाणी हे पाणी आहे असं कोणाच्या मनात येतं? स्वतः काळुरामच्या आलं होतं का?

"काय आहे?" डॉक्टर उठून उभे राहिले. "पाणीच ना?"

काळुरामची पाठ त्यांच्याकडे होती. हातात फडकं होतं. एकदा पुसलं असतं तर थर गेला असता, मुंग्या गेल्या असत्या. नुसतं "हां, पानी" म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. पुढचं सगळं बाकीच्यांनी आपापल्या मनात जुळवलं असतं. गणू गेला असता, आणि शेडच्या दारात डॉक्टर दर महिन्याला उभे राहिले असते.

त्याने फडकं खाली ठेवलं. मग त्याने उरलेला क्रम पुरा केला. पॉइंट साफ केले, टोपण बसवलं, गणूला हँडल मारायला लावलं. पहिल्याच फेऱ्यात इंजिन लागलं. पेचकस कानाला लावून त्याने चारही सिलिंडर एकेक करून ऐकले. डॉक्टर बघत राहिले. त्यांना ही दिरंगाई वाटली असेल. पण दुसरा चोर नाही हे कळल्याशिवाय पहिल्याचं नाव घ्यायचं नाही, एवढं एकच शास्त्र काळुराम शिकला होता.

"बंद कर," तो गणूला म्हणाला. शेड एकदम शांत झाली. "दाक्तर, गणूनं कायच नाय केला. टोपनात पानी हाय ता नारलाचा. दसऱ्याला मी शिपला, या हातान. गोड पानी, मुंग्या आल्या. पॉइंट चिकाटला. गारी त्यानंच मेली."

 बूलचंद तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

"पूजेचं?" डॉक्टर म्हणाले.

"हां."

"इंजिनावर? तू? मला तर एक थेंब पाण्याचा पडू देत नाहीस, आणि..." डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. "का रे?"

काळुरामने मान खाली घातली. शालूचं नाव त्याच्या ओठावर आलं आणि त्याने ते गिळलं. ते सांगितलं असतं तर तो भार डॉक्टरांवरच टाकल्यासारखं झालं असतं.

"चूक झाली," तो म्हणाला.

डॉक्टरांनी ते उघडं बॉनेट स्वतः मिटलं. मग गणूला म्हणाले, "चल, घरी घे." गाडीत बसताना त्यांनी काळुरामकडे पाहिलं नाही, पण दार आपटलंही नाही.

"अरे भगवान," बूलचंद कुजबुजला, "बोलायची गरज काय होती? कोणाला कळणार होता?"

"तुजी गारी उद्या बघतो, शेट. जा आता."

घरी तुळसाने ताट वाढलं आणि ते तसंच उचलून ठेवलं. "बोललास ता बरा केलास," ती म्हणाली. "पन आता कोन येल तुज्याकरं?"  सकाळी त्याने धुवट सदरा घातला आणि शेड न उघडता मोहन्याच्या वाटेला लागला.

शेवंतीचं घर वस्तीच्या टोकाला होतं. आत ती झोपली होती. तिची सासू उंबऱ्यात बसून, काही न करता, हात मांडीवर ठेवून होती. काळुराम अंगणात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. आपण कोण, गाडी कोणाची, पाणी कसलं. म्हातारीने मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही.

"दाक्तर येलेवर आला असता," तिने शेवटी विचारलं, "तर जगला असता का रं पोर?"

काळुरामच्या शेडमध्ये असा प्रश्न रोज येई. ठीक का नाय. लोक त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत, आणि त्याच्याकडे उत्तर असे. म्हातारी तशीच बघत होती.

"माना ठाव नाय, आये," तो म्हणाला. "दाक्तरलाबी इचारला नाय. इचारायला धीर झाला नाय."

"मंग कनाला आलास हितवर?"

"तुमाला ता दुसऱ्याच्या तोंडातून कलू नये म्हनून."

आतून शेवंती कण्हली. म्हातारी उठून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. काळुरामला वाटलं, आता जावं. तेवढ्यात ती तांब्या घेऊन आली आणि तो उंबऱ्यावर ठेवला. त्याच्या हातात दिला नाही.

"उन्हाचा चालत आलास," ती म्हणाली. "पी नि जा. परत येव नको."

काळुरामने वाकून तांब्या उचलला आणि उभ्यानेच पाणी प्यायला. मग तांब्या होता तिथे ठेवून तो निघाला.