तोंड रस्त्याकडे

भोंग्याची गाडी कुठेही उभी असो, तिचं तोंड रस्त्याकडेच असायचं. जागा कितीही अडचणीची असली तरी हा पठ्ठ्या पुढे-मागे करत गाडी वळवणार आणि मगच इंजिन बंद करणार. किल्ली जिथल्या तिथे लटकत ठेवायची. बूटही पायातच राहायचे, अगदी झोपतानासुद्धा.

उभी हयात अँब्युलन्स चालवली म्हणून सोबत्यांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. अँब्युलन्स कधी तोंड आत करून लावत नाहीत. बोलावणं आलं की वळवत बसायला वेळ कुणाला असतो? आणखी एक नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. मागे वळून पाहायचं नाही. मागे कोणी कण्हत असो की किंचाळत असो, याची नजर समोर. फक्त एक प्रश्न तो खांद्यावरून मागे टाकायचा, "फार दुखतंय का?" उत्तर आलं की जिवात जीव यायचा. नाही आलं की तो गाडी आणखी दामटायचा.

मग एका सकाळी सिग्नल हिरवा झाला आणि त्याचा पाय हलेना. गाडी रिकामी होती हे नशीब. मागे हॉर्नचा कल्लोळ आणि हा स्टिअरिंग धरून रडतोय. का रडतोय, ते त्यालाही सांगता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर ठणठणीत आहे हो, तुम्ही आतून संपलाय. काम थांबवा."

त्याने काम थांबवलं. भाड्याची खोलीही सोडली, कारण शेजाऱ्यांच्या दाराची घंटा वाजली तरी हा ताडकन उठून उभा राहायचा. लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन घेतली, आत खाट, शेगडी, पाण्याचा कॅन आणि एक पातेलं ठेवलं, नि निघाला. सोबती म्हणाले, "मजा आहे बुवा तुझी!" कसली डोंबलाची मजा! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण त्या विंचवाला करमतं का, हे कुणी विचारलंय? सकाळी काचा आतून ओल्या, दुपारी पत्रा तापलेला, धुतलेला शर्ट तिसऱ्या दिवशीही दमट. तोंड धुवायला पेट्रोल पंप गाठायचा. आणि ज्या थकव्यापासून पळायचं, तो तर आधीच खाटेवर पसरलेला. दिवसच्या दिवस कुणाशी अवाक्षर बोलणं व्हायचं नाही. पंपावरच्या बाईने काही विचारलंच तर उत्तर देताना स्वतःच्या आवाजाने तो दचकायचा.

हक्काचं माणूस म्हणून एक ताई तेवढी उरली होती. रविवारी ती जेवायला बोलवायची. हा यायचा, अंगणात गाडी लावायचा, तोंड अर्थातच रस्त्याकडे, आणि उभ्या उभ्या दोन घास गिळून निघायचा. "बस ना रे घटकाभर," ती म्हणायची. "पुढच्या वेळी," तो म्हणायचा. शेवटी तिने फोनवर साफ सांगितलं.

"बसून जेवणार असशील तर ये. नाहीतर येऊच नकोस. भावोजी गेले तुझे, आता हे घर असंच खायला उठतं. त्यात तू येऊन गेलास की जास्तच."

तो घाबरला. ताई तुटली तर आपल्याला हाक मारायला कोण उरणार? रविवारी तो गेला, दारात बूट काढले आणि चक्क खुर्चीवर बसला. ताईने ओव्हनमध्ये बटाटे भाजायला ठेवले होते. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या, तो हसलासुद्धा. तेवढ्यात ओव्हनचं टीं टीं वाजलं.

भानावर आला तेव्हा तो चौकात होता. पायात नुसते मोजे, एका हातात चमचा, गाडी सुसाट. सवयीने खांद्यावरून विचारूनही झालं होतं, "फार दुखतंय का?" मागे पातेलं तेवढं खडखडलं.

गाडी कडेला घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. लाज इतकी वाटली, की परत तोंड दाखवायचंच नाही असं त्याने ठरवून टाकलं. पण जाणार कुठे? बूट ताईच्या दारात पडले होते. जितकं हसू आलं तितकंच रडूही आलं. गुपचूप बूट उचलायचे आणि पसार व्हायचं, अशा बेताने तो परतला. अंगणात गाडी वळवली, तोंड रस्त्याकडे केलं.

दारात बूट नव्हते. उतरावं की निघावं या विचारात असतानाच व्हॅनचं मागचं दार उघडलं. खाट करकरली. ताई चढून बसली होती. त्याला समोरच्या काचेवरून नजर हलवता येईना. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून बाहेर पडलं तेच, आयुष्यभर घोटलेलं.

"फार दुखतंय का?"

"हो," ताई म्हणाली. "फार दुखतंय रे."

भोंग्याने मागे वळून पाहिलं. केस पार पांढरे झालेली त्याची ताई खाटेवर अंग चोरून बसली होती. मांडीवर दोन ताटल्या होत्या आणि पायात घाईघाईत चढवलेले त्याचेच बूट होते. त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि तो मागे जाऊन तिच्याशेजारी बसला. बटाटे गार झाले होते. दोघांनी ते तसेच खाल्ले.